रुमालाखालचे आकडे

बस सुव्रता, त्या पोत्यावरच बस. हळद लागली तर लागू दे.
विमानतळावर कुणी हुंगलंच, तर सांग
सांगलीच्या मार्केट यार्डातनं आलेय.

पैशाचं आधी. कार्ड इथंच मोबाईलला जोड,
तिथं रताळीवाल्याच्या गळ्यातसुद्धा स्कॅनचा फलक असतो.
(रताळं तू खाणार नाहीस, उदाहरण म्हणून सांगितलं.)
तरी चार नोटा असू देत. मोबाईल मेला की माणूस मेला तिथं.
आपला नकाशा ग्वांगझोत मुका होतो,
त्यांचा उतरवून घे, अक्षरं नाही वाचता आली तरी
निळा ठिपका तूच असतेस.

चहा प्यायला चला म्हणून गोड बोलणारी पोरं भेटतील,
इंग्रजी चांगलं असतं त्यांचं. जाऊ नको.
एका कपाला आपल्या दोन पोती हळदीचं बिल येतं.
फूटपाथवर मागून बिनआवाजाच्या स्कूटर येतात,
तेव्हा कानावर नाही, मानेवर भरवसा ठेव.

जेवणाचं. ‘सू’ म्हणायचं, नुसतं ‘सू’.
भाजी भाजीसारखी दिसते, पण खालचा रस्सा कशाचा ते विचार.
बुद्धाच्या देवळामागं खाणावळी असतात,
कांदा-लसूण तेही टाळतात, मला तर नांदणीच्या मठात बसल्यासारखं झालं.
बटाट्याचं मात्र त्यांना काही वाटत नाही.
भडंग ने. बिनलसणीचं. दोन किलो.

आणि हॉटेलचा पत्ता त्यांच्या अक्षरात लिहून घे,
दोन कागदांवर. मी एकावर घेतला,
तो शर्टाच्या खिशात, आणि शर्ट गेला धुवायला.
मशीनवाल्याकडनं परत येताना
एकावर एक चार पूल, खाली मी,
पिशवीत पॉलिश ड्रमचं माहितीपत्रक, मोबाईल बंद.
एवढंच आठवत होतं की हॉटेलसमोर वड आहे.
वड काढून दाखवला, पारंब्यांसकट.
शिपायानं रस्त्याकडं बोट केलं. सगळे वडच होते.

छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा उठला.
त्याला माझं, मला त्याचं अक्षर कळेना.
बसचा नंबर तेवढा डोक्यात होता, अडुसष्ट.
मी सहा बोटं दाखवली, मग आठ. तो हसला,
आणि एकाच हातावर शिकवलं:
अंगठा-करंगळी ताठ म्हणजे सहा,
अंगठा-तर्जनी, पोरं पिस्तूल करतात तसं, आठ.
दोन तर्जन्यांची फुली म्हणजे दहा.

माझ्या वडलांचा हात आठवला गं.
ह्याच पेढीवर रुमालाखाली अडत्याची बोटं दाबत
ते भाव ठरवायचे, तोंडानं एक शब्द नाही,
वरून बघणाऱ्याला वाटावं, दोघं नाडी बघतायत.
मी लहान होतो, रुमालाखाली डोकावलो म्हणून थोबाडीत बसली होती.
आता पडद्यावर भाव लागतो. ती बोटं कुणाला शिकवायची राहूनच गेली.
इतक्या लांब कुणीतरी रुमाल काढून दाखवली.

तो माझ्याबरोबर बसमध्ये चढला. कशाला, ठाऊक नाही.
उतरल्यावर एका गाडीवर दोन वाट्या भाताची पेज घेतली,
पैसे देऊ दिले नाहीत मला.
दिवे लागून गेले होते. अंथऊची वेळ कधीच टळलेली,
आणि चाळीस वर्षांत एकदाही न मोडलेला माझा नेम.
मनगटावरचं घड्याळ मी लावून घेतलं नव्हतं.
तिथं आठ वाजून दहा,
त्याच्यात पाच चाळीस.
आयर्विन पुलावर अजून ऊन असेल, म्हटलं,
आणि प्यायलो.

काकूला सांगू नको.

आणि हो, टिशू कागद ने भरपूर.
तिथल्या संडासात नसतात.