सोलं संपली का

ठरलं ते एका शुक्रवारी, हाताला माशाचा वास असताना.
फहाहीलच्या बाजारातून सुरमई आणली होती,
झुलेखा मिक्सरला खोबरं लावत होती,
आणि आरिज, वय पंधरा,
ओठावर काजळाचं बोट पुसल्याएवढी मिशी,
मोबाईलमधून मान न काढता म्हणाला,
फारिसच्या भावानं काल गाडी गोल गोल फिरवली,
वाळूत. आम्ही मागे बसलो होतो.

माझी सुरी थांबली.
जिभेवर आलं ते सगळं माझ्या अब्बांचं होतं.
ते जहाजावर. वर्षाला दोन पत्रं,
पत्रात एकच सवाल, मार्क किती पडले.
आम्ही दाभोळच्या धक्क्यावरून भरतीत उड्या घ्यायचो,
पैज एका बिडीची.
एकदा मी लवकर वर आलो नाही.
हे त्यांना कधी सांगितलं नाही,
ते गेले तेव्हाही माझ्याच पोटात.

आरिजला तेवढं सांगितलं. बाकीचं गिळलं.
मग म्हटलं, कधी तुझं मन मागे सरलं
आणि पोरांसमोर नाही म्हणायला जीभ रेटेना,
तर मेसेज कर: सोलं संपली का?
मी येतो.
घरी आणून ओरडालच की.
त्या रात्री नाही. दुसऱ्या दिवशी बोलू, चहा घेऊन.
तो हसला. सोलं? अब्बा, असं कोण विचारतं?
म्हणूनच, म्हटलं.

थंडीत इथे वाळवंटात तंबू पडतात.
जानेवारी, रात्रीचा पाऊण,
मी दुसरी पाळी करून नुकता पडलेलो,
उशीखाली मोबाईल थरथरला.
सोलं संपली का
प्रश्नचिन्हही नव्हतं.
झुलेखा उठली, तरी एकदा बरणी उघडून पाहिली.

चाळीस मिनिटं.
डाव्या हाताला रिफायनरीच्या ज्वाळा,
ज्यांच्याखाली मी उभा जन्म वॉल्व्ह फिरवतोय.
तो रस्त्याच्या कडेला उभा होता, शेजारी जोबिन.
म्हणाला, ह्याच्या घरी सोलं नसतातच,
पण ह्यालाही यायचंय.
लांब दोन दिवे वाळूत चकरा मारत होते,
कुणी किंचाळत होतं,
मजेनं की भीतीनं, इतक्या लांबून कळत नाही.
मी फक्त विचारलं, हीटर लावू?
पंपावर तीन कागदी कप कडक चहा.
जोबिनचे हात कापत होते, त्यानं दोन्ही हातांनी धरला.

दुसऱ्या दिवशी बोललो.
काय ते सांगत नाही, त्याचं न् माझं आहे.
सोपं नव्हतं. एकदा त्यानं दार आपटलं,
एकदा मी.

मग मे महिना.
कंपनीनं करार वाढवला नाही.
रात्री नऊला बिल्डिंगखाली गाडी लावली,
इंजिन बंद, टप तव्यासारखा,
वर चौथ्या मजल्यावर आमच्या खिडकीत दिवा,
आणि मला वर जाववेना.
अर्धा तास किल्लीशी खेळलो.
अंगठ्यानं काय लिहिलं ते लिहून झाल्यावर कळलं.

तो उतरला. दोन पायांत दोन वेगळ्या चपला.
दार उघडून शेजारी बसला,
पट्टाही लावला, कुठे निघाल्यासारखा.
बराच वेळ दोघं समोरच्या भिंतीकडे बघत.
मग म्हणाला,
बरणी अर्धी आहे, अब्बा.
मी बघून आलो.