पहिला कान

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
पॉवर हॅमर थांबतात, जमीन थरथरायची राहते,
म्हणून आमचं मोजमाप सोमवारी.

टेकडीवरच्या प्रयोगशाळेत, पिंपाच्या पोटात,
निरपेक्ष शून्याच्या वर वीस सहस्रांश अंशावर
नखाएवढी एक चकती टांगलेली.
धातू म्हणाल तर ॲल्युमिनियम,
आईच्या जर्मलच्या पातेल्याचं सख्खं भावंड;
सव्वा अंशाखाली गेलं की
विजेला अडवायचंच विसरून जातं.

तिचं काम एवढंच:
कुठूनसा सूक्ष्मलहरींचा एखादा कण येईल,
त्याला झोका द्यायचा.
रंकाळ्याच्या बागेत पोरं झोपाळ्यावर उभी राहून
एका फेरीत दोनदा बसतात, दोनदा उठतात,
आणि मागून कुणी न ढकलता फळी वर वर जाते,
तसा.

तांब्याचं बूड दस्तगीर शिकलगारांनी कातलं.
शुद्ध तांबं चिकट, हत्याराला मिठी मारतं.
तीन बाद झाली, चौथं जमलं.
बाद झालेल्यांचे पैसे घेतले नाहीत.
चाळीस वर्षं फौंड्रीच्या भिंतीला भिंत;
कान केव्हाच गेलेले.
पोरानं यंत्र आणलं, ते खिशात असतं.
"समदंच मोठं करतंय ओ. गोंगाट बी."

खरंय. पुढं कितीही पट वाढवा,
पहिल्या कानानं मिसळलेली खरखर
मागाहून निवडता येत नाही.

त्या सोमवारी आलेखावर एक काटा उगवलेला,
सकाळपासून हलत नव्हता.
ते आपलं तांबं बघायला आले होते, इस्त्रीचा सदरा घालून.
काही न विचारता खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला,
टोक सांगाड्याला, मूठ कानामागच्या हाडाला.
डोळे मिटले.
आम्ही चौघं पीएचडीवाले श्वास धरून.
"डावा पाय. वरनं तिसरा बोल्ट. ढिला हाय."

अर्धा आटा.
काटा खाली बसला.

मी ओरडून सांगत होते,
की आता याहून शांत होता येणार नाही,
कितीही थंड करा, ऐकणाऱ्याचा अर्धा कण
त्यात मिसळतोच, तो निसर्गाचा कर आहे.
ते पडद्याकडं बघत मान हलवत राहिले.
ऐकू गेलं नसावं.

जिना उतरताना थांबले.
"अर्धा आपला म्हणालीस न्हवं?
मग उरलेला कुणाचा?"