सर्व्हेअरचा रविवार

सोमवार ते शनिवार मी नुकसानीचे फोटो काढतो.
चेपलेला बंपर, तडकलेली काच,
रे रोडच्या गोदामात जळालेल्या कापडाच्या गाठी.
शेजारी मोजपट्टी, कोपऱ्यात तारीख.
फोटो असा हवा की हेड ऑफिसातल्या माणसाला
चहा पिता पिता कळावं
किती खरंच गेलं
आणि किती गेलं असं नुसतं म्हणतायत.
सव्वीस वर्षं हेच.
आता कुणाकडे जेवायला गेलो
तरी आधी दिसते भिंतीवरची ओल.

म्हणून रविवारी, दूधवाल्याच्या मागोमाग,
दुसरा कॅमेरा घेऊन निघतो.
बोरा बाजारातून घेतलेला, जुना.
लेन्सच्या कडेला आधीच्या मालकाचा ओरखडा आहे,
त्याची भरपाई कुणी मागितली नसावी.

माझगावात, भायखळ्याच्या मागच्या गल्ल्यांत
मी वॉचमनच्या खुर्च्यांचे फोटो काढतो.
माणसांचे नाही. खुर्च्यांचे.
एकीचा पाय नायलॉनच्या दोरीनं आवळलेला.
एकीला पाठच नव्हती,
तिथं कुठल्याशा टॅक्सीचा सीटबेल्ट ताणून बसवलेला.
एक प्लास्टिकची, मधोमध चिरलेली,
चिरेच्या दोन्ही अंगांना तापल्या खिळ्यानं भोकं पाडून
तांब्याच्या तारेनं शिवलेली.
हो, शिवलेली.
ऑपरेशननंतर पोटावर असतात तसे टाके.
माझ्या कोष्टकात ही टोटल लॉस.
आणि तिच्यावर एक माणूस रात्रभर बसतो.

हेमांगी म्हणते, निदान फ्लेमिंगो तरी काढ,
खालचे खानोलकर बघ, शिवडीला जातात,
दर वर्षी कॅलेंडर वाटतात.
मी म्हणतो, गुडघ्यांना चालणं होतं.
बहिणीला सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलंय.
खरं काय ते मलाही नीट सांगता येत नाही.
बटण दाबायच्या आधी श्वास आपोआप थांबतो ना,
तेवढ्यात डोक्यातला आकडे मांडणारा माणूस
पेन खाली ठेवतो.
बस्, इतकंच.
यासाठी कुणी पाच-सहा किलोमीटर चालतं का?
चालतो मी.

फातिमा मंझिलच्या फाटकावर रामदुलार होता.
टाके घातलेली खुर्ची त्याचीच.
पहिल्यांदा घाबरला, सोसायटीनं पाठवलाय वाटलं.
मग शर्टाची कॉलर नीट केली, उभा राहिला ताठ.
मी म्हटलं, तू नको, खुर्ची.
थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला,
मग खुर्ची उचलून उजेडाकडे फिरवली.
"इधर से लो साब. ये गाँठ मेरी है."

दिवाळीनंतर गेलो तर फाटकावर कुणीच नाही.
वर, लोखंडी दांड्यावर, पांढरा घुमट, आत काळी काच.
चोवीस तास बघत असतो तो,
मांजर, कुरियरवाला, मी.
त्याला सगळं दिसतं,
आवडत काहीच नाही.
रामदुलारचं विचारलं तर पानवाला म्हणाला,
गेला असेल गावी, नाहीतर ऐरोलीला.

तो फोटो मी प्रिंट करून घेतला होता.
कोपऱ्यात तारीख न घालता.
द्यायचा राहून गेला, ऑफिसच्या खणात पडून होता.
परवा नव्या पोरानं, अद्वैत कर्णिकनं, घाईत
एका जळालेल्या फर्निचरच्या फाइलला तोच लावला
आणि पाठवून दिला वर.

आज फाइल परत आली.
लाल शाईत शेरा आहे:
"फोटोत नुकसान नेमकं कुठं आहे, दिसत नाही.
खुलासा करावा."

चार वाजलेत.
मी टाचणी काढून फोटो खिशात घातलाय
आणि खुलाशाच्या कागदावर
अजून नुसतं "महोदय" लिहून बसलोय.