अल्टेनफारला मुक्काम लांबला

माहितीपत्रकात अल्टेनफारला दोन तास होते:
चर्च, चौक, वाइनचा एक घोट, परत बोटीवर.
पण मोझेल रात्रीतून हातभर चढली
आणि पुढच्या पुलाखालून आमची बोट जाईना.
बघू उद्या, कप्तान म्हणाला,
आमच्याकडे नाही, नदीकडे बघत.

गाव म्हणजे एकच रस्ता.
अलीकडे नदी, पलीकडे डोंगर,
मधे घरं, एका बाकावर दाटून बसल्यासारखी.
डोंगर असा उभा
की द्राक्षवेली चढल्यात की टांगल्यात, कळत नाही.
माती नाहीच म्हणा. निळसर काळे दगड,
थराथरांचे, नखानं सुटणारे.
एक उचलला, थुंकी लावून पुसला:
पाटी!
लाकडी चौकट निखळलेली, पहिलीतली.
अख्खा डोंगर पाट्यांचा,
आणि पाऊस त्यावर गिरवत होता,
पुसत होता,
पुसलेलं खाली रस्त्यावर येत होतं.

दुसऱ्या दिवशी हेडविगबाईंच्या दारात
पाण्याच्या जुन्या खुणा पाहिल्या,
दगडी चौकटीत कोरलेली सालं.
एक माझ्या कमरेशी, एक भुवईशी,
आणि एक इतकी वर
की ती कोरायला कुणी शिडी लावली असेल.
आता किती येईल? मी हातानंच विचारलं.
त्यांनी गुडघ्याला हात लावला.
मग जरा विचार करून, थोडा वर.

तळघर रिकामं करायचं होतं.
ओळ लागली.
सगळ्यात खाली त्यांचा भाऊ ऑटमार, रबरी बुटांत,
मग इलिंका, रुमानियाहून द्राक्षं तोडायला आलेली
आणि राहून गेलेली,
मग पोस्टमन, त्याची सायकल बाहेर भिजत,
मग आमच्या बोटीवरचं ते डॅनिश जोडपं,
चार दिवस एकमेकांशी न बोललेलं,
मग मी,
जन्मात थेंब न चाखलेली,
आणि माझ्यापुढे जिनाभर शाळेतली पोरं,
सुट्टी मिळाली म्हणून खूश.

मान नाही, बूड धरा! खालून ऑटमार ओरडला,
म्हणजे तसंच ओरडला असणार.
घ्या. द्या. घ्या.
गार बाटली, ओली बाटली, कोळिष्टकं लागलेली बाटली.
साठापर्यंत मोजल्या, मग हातच मोजू लागले.
दुपारी केव्हातरी तो डॅनिश माणूस काहीतरी पुटपुटला
आणि ती हसली,
दोन्ही हात भरलेले, तोंड झाकता येईना.

रात्री हेडविगबाईंनी माझ्यापुढे ग्लास ठेवला.
मी नको म्हटलं. त्यांनी तो उचलला नाही.
सगळे पीत होते, मी नुसता वास घेतला:
भिजलेली पाटी.
स्पंजाच्या डबीचा, शाळेच्या पहिल्या दिवसाचा,
रडून झाल्यानंतरचा वास.
कुणाला सांगणार? इलिंकाला सांगितलं, मराठीत.
तिनं मान हलवली आणि काहीतरी सांगितलं, तिच्या भाषेत,
बराच वेळ.

ऑटमार म्हणाला (कप्तानानं समजावलं),
हिवाळ्यात आम्ही हा दगड टोपल्यांनी वर नेतो,
पावसानं जेवढा खाली आणला तेवढा.
दरवर्षी?
दरवर्षी. वडील नेत, आता मी.
कंटाळा येत नाही का, हे विचारायचं होतं.
कप्तान अडला. कंटाळ्याला त्याला शब्द सापडेना.
बरंच झालं.

पाणी दोन पायऱ्या चढलं आणि थांबलं.
तळघराला शिवलंसुद्धा नाही.
तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला,
पर्समधला पाटीचा तुकडा मी रस्त्याकडेच्या ढिगावर ठेवला
आणि धक्क्यावर आले.

बोट वळली तेव्हा मागे पाहिलं:
ओळ पुन्हा लागत होती, या खेपेला उलटी,
वरून खाली.
माझ्या जागी कोण उभं राहिलं
ते धुक्यात नीट दिसलं नाही.