हसू आलं

हसू आलं, असं आपण म्हणतो.
कुठून आलं, ते कुणी विचारत नाही.

वाशीच्या डॉक्टरांनी विचारलं.
पडद्यावर शमिकाचा मेंदू,
कापलेल्या कोबीसारखा, करडा.
अगदी तळाशी पेनाचं टोक टेकवून म्हणाले,
हा गोळा बघा, मसुरीच्या दाण्याएवढा.
कॅन्सर नाही. जन्माआधीच भलत्या जागी रुजलाय.
भूक, तहान, झोप जिथून चालते
तिथेच चिकटून बसलाय,
आणि तिथून ठिणगी उठते.
मी विचारलं, आणि आनंद?
म्हणाले, आनंदाचा याच्याशी संबंध नाही.

घणसोलीच्या खाडीवर तिच्या आत्याच्या दहाव्याला
तासभर झाला तरी कावळा शिवेना.
हरेशने हात जोडून काय काय कबूल केलं बहिणीला,
आणि त्या शांततेत ही हसली.
खो खो नाही, खुदकन नाही.
मिक्सर अडकावा, सुटावा, पुन्हा अडकावा, तसं.
मी दंडाला चिमटा काढला, चांगला करकचून.
तिला तो लागला नाही.
मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शाळेच्या डायरीत लाल शेरे.
शेजारच्या मालूताईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या.
गल्लीत अजून म्हणतात, पोर किती हसरी तुमची.

आता मी मोजते. अठरा सेकंद. बावीस.
एकदा एकेचाळीस.
डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मोबाईलवर घेते.
सत्तावन्न व्हिडिओ झाले, सगळ्यांत ती हसते,
आणि डोळे भिंतीच्या पलीकडे कुठेतरी,
जणू दुसरंच कुणी तिचं तोंड वापरतंय
आणि ती रांगेत उभी आहे, आपलं तोंड परत मिळायची.
मिळालं की म्हणते, "आई, झालं."

हरेश रबाळ्याहून सेकंड शिफ्ट करून आला त्या रात्री
जेवता जेवता म्हणाला, बारशाचा व्हिडिओ लाव.
पाळण्यात ती, दीड महिन्याची.
कानात नाव सांगितलं, आणि हसली.
बायका म्हणाल्या, नाव आवडलं गं पोरीला.
तिथेच थांबवलं त्याने.
"हे तिचं, की त्या दाण्याचं?"
मी ताट उचललं.
त्याचा भात अजून उरला होता.

परवा डब्याचं झाकण हातातून निसटलं,
ओट्यापासून फ्रिजपर्यंत गरगरत गेलं,
आणि माझ्या पाठीमागे हसू.
माझी नजर आधी घड्याळाकडे गेली.
एक. दोन. तीन. चार.
मग तिच्याकडे.

ती झाकणाकडे बघत होती.