सोडून द्यायचा कान

छत्तीस वर्षं सराफ्यात चांदी वाजवून पाहिली.
नाणं अंगठ्यावरून उडवायचं, ओट्याच्या दगडावर पडू द्यायचं.
भेसळ असली की आवाज मध्येच बसतो,
खोकला दाबल्यासारखा.
शेठ म्हणायचा, टिल्लूजी, आपके कान में कसौटी है.
कुठल्या कानात, ते त्यानं विचारलं नाही. मीही नाही.

उजवा गेला तो असाच, न सांगता.
दुपारी काहीच अडलं नाही,
शांत दुकानात नाणं एका कानालाही खरं बोलतं.
अडलं ते रात्री नऊनंतर.
आमचं शटर पडतं, त्याच पायरीवर गराडूची कढई चढते,
जनरेटर, झारे, भुट्ट्याच्या किसाला रांग,
"भिया, जरा साइड में",
आणि ह्या सगळ्यात चिणलेलं, कुठूनतरी, "अहो".
मी चारी दिशांना वळलो.
हेमलता हातभर अंतरावर उभी,
हातातला द्रोण निवत चाललेला.

पलासियाला, काचेच्या खोलीत, फरहीननं हेडफोन चढवले.
डाव्या कानात तेल तापल्यासारखी खरखर
आणि तिच्या तळाशी म्हणे एक बारीक टूं.
ऐकू आली की बटण दाबायचं.
नाही आली.
अजून नाही.
मग तिनं तीच खरखर उजव्या कानातही सोडली,
जरा जोरानं, तिथं अजून थोडी धुगधुगी आहे म्हणून.
टूं नाही, नुसती खरखर. म्हणजे गोंगाट दुप्पट.

आणि टूं वर आली,
पाण्यात दाबून धरलेलं लिंबू सुटावं तशी.

बटण दाबायचं राहूनच गेलं.
दोन्हीकडे सारखं येतं ते डोकं वजा करतं, अंकल, ती म्हणाली,
फरक तेवढा ऐकू येतो.
तराजूच की हा, मी म्हटलं,
दोन्ही पारड्यांत सारखीच माती,
काटा झुकतो तो चांदीच्या रवाएवढ्यासाठी.

आई म्हणायची, ह्या कानानं ऐकावं, त्या कानानं सोडून द्यावं.
साठ वर्षं मी तो बेफिकिरीचा सल्ला समजत आलो.

मशीन लावून पहिल्या रात्री सराफ्यात उतरलो.
नुसता वैताग. दोन कढया, दोन जनरेटर,
जगातल्या प्रत्येक चमच्याला जुळा भाऊ.
काढून खिशात टाकणार,
तेवढ्यात
टिण्‌.
उजवीकडे. खाली. बाकड्याच्या पलीकडे,
उष्ट्या द्रोणांच्या ढिगाजवळ.

एका बाईचं जोडवं. तिला पत्ताही नव्हता.
मी वाकलो, धोतराला पुसलं,
आणि हाताची खोड, पायरीवर टाकून पाहिलं.
"तांबं आहे हो यात थोडं."

"ते सांगायची काही गरज होती का?"
हेमलता म्हणाली,
माझ्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागून.