आज वाजतला?

समुद्रतारा बेंजो पार्टी, सर्जेकोट.
आजवर अकरा रात्री गेले मी ऐकायला.
आठ वाईट, एक बरी,
एक झालीच नाही: जनरेटर होडीतून उतरवताना
खाडीत गेला, आणि सगळे वाकून
पाण्यात बघत राहिले, जणू तो तिथूनच सुरू होणार होता.
आणि एक रेवंडीची.

आज तळाशीलला हळद आहे.
बर्फाच्या कारखान्यातून मी परस्पर धक्क्यावर,
हातमोजे पिशवीत अजून ओले.
होडीत त्यांच्यासोबतच जागा मिळाली,
ढोल मांडीवर घ्यायच्या अटीवर.
भिकाजी कुबलाच्या बोटाला चिंधी:
सुरमई चावली. मेल्यावर चावली, म्हणतो,
जिवंत असती तर समजलं असतं.
बेंजो त्याच बोटाने वाजतो.
इनास डिसोझाची कवळी नवी;
कॉर्नेट ओठाला लावतो, काढतो,
खाडीकडे बघून थुंकतो.
ऑक्टोपॅडवाला गौरेश फोनवर कुणाशी तरी
न बोलण्याचं भांडण भांडतोय.
"आज वाजतला?" मी विचारलं.
"ता माका इचारू नको," भिकाजी म्हणाला,
"वाजला तर तुकाच आदी कळात."

वहिनी म्हणते, डीजे सांगावा, सरळ काम.
खरं आहे. डीजे चुकत नाही.
म्हणून तर त्याच्याकडे पाठ करून
मी तीनदा भात वाढून घेऊ शकते.

रेवंडीला काय झालं ते नीट सांगता येत नाही.
गौरेशचा ठेका सुटला. अर्धी मात्रा मागे पडला.
चांगल्या बँडने त्याला ओढून आणला असता.
यांना ते जमेना, म्हणून एकेक करून
सगळेच त्याच्याकडे सरकले,
जशी बाकावर एकाला जागा द्यायला
अख्खी ओळ ढुंगण हलवते.
आणि त्या चुकलेल्या जागी एक चाल होती.
कुणाची नव्हती. आधी नव्हती.
मागच्या पडवीत टोप घासणाऱ्या बायका
राखेच्या हातांनी बाहेर आल्या.
पैसे कापायची धमकी दिलेला नवऱ्याचा काका
खुर्ची उचलून उभा राहिला
आणि ती ठेवायची विसरला.
वीस मिनिटं असतील. किंवा सात.
कुणीतरी फोनवर घेतलं; त्यात नुसता वारा
आणि एक पोर, "आये, मुतूक जातंय."
नंतर तीन ठिकाणी त्यांनी तेच करून पाहिलं.
मुद्दाम चुकले. अगदी बरोबर चुकले.
काही झालं नाही.

तळाशीलला आज
माईक शिट्टी मारतो. कवळी हलते.
चिंधी तारांत अडकते.
तिसऱ्या कडव्यात चाल वाळूत रुतते,
आणि हळदीने माखलेली नवरी
खाली मान घालून हसू दाबते.
मी जेवले. वडे चांगले होते.
साडेदहाला बाबी तांडेलाने होडीवरून हाक मारली, शेवटची.
मनात म्हटलं, नऊ वाईट,
आणि चपला हातात घेऊन पाण्यात उतरले.

खाडीच्या मध्यावर
बाबीने इंजिन बंद केलं.
का, ते विचारावं लागलं नाही.
मागून येत होतं.

आधी कॉर्नेट, बहुतेक कवळी काढून,
फुटका, ओला;
मग त्याच्या खालून बेंजो, उरलेल्या बोटांचा.
ठेका कुठे आहे ते पाण्यावरून कळेना.
अर्धं वाऱ्याने नेलं, अर्धं आम्हाला दिलं.
पाठ फिरवली की वाजतात, हरामखोर.
ओहोटी आम्हाला मुखाकडे ओढत होती;
धक्क्याचा दिवा समोर होता
तो हळूहळू बाजूला गेला, मग मागे.
"जावक होया," बाबी म्हणाला,
आणि इंजिनाच्या दोरीला हात लावला नाही.

ही कुठल्या खात्यात लिहू, ठरत नाही.
नऊ वाईट, ते अजून खोडलेलं नाही.
शिमग्यानंतर ते हडीला आहेत.